बीच, शोअर की कोस्ट?

प्रश्न : बाई, गुहागरला आमच्या घरी पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्यात. घर वाडीत आहे, समुद्रावर जायला दहा मिनिटं लागतात. पाटीवर 'ऑन द बीच' रंगवून घेतलं होतं. मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांनी 'घर बीचवर नाही' म्हणून पैसे कमी दिले. मुलगा म्हणतो 'शोअर' लिही, जाऊबाई म्हणतात 'कोस्ट'. सगळ्यांचा अर्थ किनाराच ना?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, बीच म्हणजे आपली पुळण. 'ऑन द बीच' वाचलं की दारातून पाऊल थेट वाळूत पडणार असंच माणूस समजतो. पाहुण्यांचा समज चुकीचा नव्हता. पण चार दिवस राहून, जेवून मग पैसे कापणं मला मुळीच पटलं नाही.

आता शोअर. अंजनवेलला दीपगृहाखाली जाऊन बघा. नुसता कातळ, लाटा खडकावरच फुटतात. तिथे शोअर आहे, बीच नाही. पाणी संपून जमीन लागते ती कड म्हणजे शोअर, मग वाळू असो, खडक असो की चिखल. हा शब्द मला नीट उमगला तो एका विद्यार्थ्यामुळे. मच्छीमाराच्या घरचा मुलगा, मालवाहू जहाजावर लागला. पहिल्याच पत्रात त्याने लिहिलं, 'उद्या आम्ही अशोअर जाणार', म्हणजे जहाजावरून जमिनीवर उतरणार. बंदरात तर सिमेंटचा धक्का, वाळूचा कणही नाही! मग लक्षात आलं, शोअर हा पाण्यावरून जमिनीकडे बघणाऱ्याचा शब्द आहे. म्हणूनच मुंबई हायच्या तेलविहिरी 'ऑफशोअर'.

कोस्ट नकाशावरचा. भूगोलाच्या पुस्तकात आपण महाराष्ट्राची ७२० किलोमीटरची किनारपट्टी पाठ केली, ती कोस्ट. गुहागर, हर्णै, मालवण ही गावं 'ऑन द कोस्ट'. त्यात तुमचं घरही आलं, पण त्यावरून पाहुण्याला चालायचं किती ते कळत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठीच आपल्याला चकवते. नदीचा काठ म्हणतो तसा तळ्याचाही काठ म्हणतो, म्हणून वर्गात दरवर्षी निम्म्या वह्यांत 'बँक ऑफ द लेक' यायचं. बँक नदीची, तळ्याची शोअरच. आणि धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जायचं पाहुण्यांना सांगताना खाडीला 'क्रीक' म्हणाल, ते आपल्याकडे बरोबरच आहे. पण अमेरिकेचा पाहुणा असेल तर त्याच्या डोळ्यांसमोर लहानसा ओढा येईल. त्याला जरा समजावून सांगा.

पाटीवर 'नियर द बीच' लिहा आणि खाली 'अ टेन-मिनिट वॉक'. इथे 'मिनिट्स' होत नाही. रंगारी हमखास 'एस' जोडतो, तेव्हा त्याला कागदावर लिहून द्या.