इंग्लंडमध्ये शेजारच्या कौन्सिलांनी (स्थानिक स्वराज्य संस्थांनी) एकत्र येऊन मुलांच्या आणि गरजू प्रौढांच्या काळजीच्या सरकारी सेवा चालवल्या, तर पैशांची चणचण मिटते का?

मिटत नाही, पण मुलांच्या निवासी काळजीसारख्या, म्हणजे घरी राहू न शकणाऱ्या मुलांना बालगृहात ठेवण्यासारख्या, महागड्या कामात एकत्र येण्याचा खरा उपयोग होतो. चिल्ड्रन अॅक्ट 1989 आणि केअर अॅक्ट 2014 या मुलांच्या आणि प्रौढांच्या काळजीच्या कायद्यांमुळे कौन्सिलला ही कामं टाळताच येत नाहीत. मग कात्री लागते ती वाचनालयांना, युवा केंद्रांना. शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या मुलाला तातडीनं घरातून हलवावं लागलं, की चार कौन्सिलांचे अधिकारी एकाच रिकाम्या जागेसाठी त्याच खासगी संस्थेला फोन लावतात. भाव संस्था ठरवते, आणि मूल शाळा-मित्र सोडून भलत्याच गावी जातं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. तिथल्या स्पर्धा नियामकानंही 2022 मध्ये हेच दुखणं दाखवलं. पुढे ग्रेटर मँचेस्टर आणि आग्नेय इंग्लंडची प्रादेशिक काळजी सहकारी संस्थांच्या, म्हणजे अनेक कौन्सिलांनी मिळून मुलांसाठी जागा शोधण्याच्या, प्रयोगासाठी निवड झाली. मात्र कायद्यानं जबाबदारी प्रत्येक कौन्सिलचीच राहते, त्यामुळे राजकीय सूर बिघडला की भागीदारी मोडते: लंडनच्या तीन बरोंनी (शहरातल्या स्थानिक कौन्सिलांनी) 2011 मध्ये सेवा जोडल्या होत्या, 2018 पर्यंत त्या बऱ्याच अंशी पुन्हा वेगळ्या झाल्या.