'आप्रे लोंदे'मध्ये माती शोधू नका

तुम्ही लिहिलंय की गेरलँ या फ्रेंच सुगंध-घराण्याचं 'आप्रे लोंदे' हे परफ्यूम नावावर भाळून घेतलंत. 'सरीनंतर' असा अर्थ, म्हणजे पहिल्या पावसाच्या मातीचा वास येईल असं वाटलं. प्रत्यक्षात पावडरीसारखा वास आला आणि तोही दहा मिनिटांत गायब झाला. बाटली कुणाला देऊन टाकू का, असं विचारताय. देऊ नका. निदान थंडीपर्यंत थांबा.

मातीचा वास हवा असेल तर कनौजचं मिट्टी अत्तर घ्या, तिथे भाजलेल्या मातीचा गंध चंदनाच्या तेलात उतरवतात. नावातलं 'ओंदे' म्हणजे नुसती एक सर, अचानक आली आणि गेली. तापलेली जमीन, मृगाचा पाऊस हे त्या शब्दात नाहीच. त्या घराण्यातले सुगंधकार झाक गेरलँ यांनी हे १९०६ साली केलं, आणि मला त्यात दिसते ती तिकडच्या वसंतातली बाग: पानं अजून निथळताहेत, ऊन पडलंय पण हवेत गारवा आहे.

सुरुवातीला बडीशेपेसारखी एक हलकी झुळूक येते. ओबेपीन नावाच्या काटेरी झुडपाच्या पांढऱ्या फुलांचा हा भास अ‍ॅनिसअल्डिहाइड या गंधद्रव्यामुळे होतो. मग व्हायोलेट आणि आयरिस. आयरिसचा वास फुलाचा नसतो, जमिनीतल्या कंदाचा असतो. कंद खणून काही वर्षं वाळत ठेवला की मगच त्याला तो कोरडा, थंड गंध चढतो. तुम्हाला पावडर वाटली ती हीच. मला तर त्यात बाळंतिणीच्या खोलीतल्या वेखंडाची आठवण येते. तळाशी हेलिओट्रोप या फुलाचा वास, बदाम आणि व्हॅनिलाच्या मधलं काहीतरी मऊ.

आता गायब होण्याबद्दल. व्हायोलेटच्या फुलांतून अर्क काढणं भयंकर महाग. १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आयरिसच्या कंदातल्या गंधामागे लागले होते, त्यातून त्यांच्या हाती आयोनोन हे रसायन लागलं, आणि व्हायोलेटचा वास सुगंधकारांच्या आवाक्यात आला. ते बनतं सिट्रल नावाच्या द्रव्यापासून, आणि सिट्रल भरपूर असतं गवती चहाच्या कुळातल्या गवतांच्या तेलात. आपल्या चहातल्या पातीपासून पॅरिसच्या व्हायोलेटपर्यंतचा हा धागा मला फार आवडतो.

या आयोनोनची खोड अशी की नाक त्याला लवकर सरावतं. वास त्वचेवर असतोच, तुम्हाला मात्र कळेनासा होतो. थोड्या वेळाने, मनात नसताना, पुन्हा जाणवतो. म्हणून सारखं मनगट हुंगू नका, तासाभराने घरातल्या कुणाला तरी विचारा. काही लोकांना जन्मतःच त्यातला बीटा-आयोनोन हा प्रकार फारसा जाणवत नाही. तुम्ही त्यातले असाल तर मात्र हे परफ्यूम खरंच तुमच्यासाठी नाही.

मोगऱ्याचा गजरा माळून कुणी आलं की माणसाआधी घमघमाट आत येतो. आपली नाकं त्यावर वाढलीत, त्यामुळे मंद वास आपल्याला 'कमी' वाटतो. मीही फसलो होतो. जूनमध्ये मुंबईत आठवडाभर वापरलं, रोज फवारे वाढवत गेलो, आणि घामात, दमट हवेत ते पार विरून गेलं. कपाटात मागे ढकललं. जानेवारीत नाशिकला जाताना सहज सुती शालीवर दोन फवारे मारले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे शाल गळ्याभोवती घेतली आणि तो ओला, गार, जरासा उदास वास असा काही आला की मी अंगणात तसाच उभा राहिलो.

तर थंडीतली सकाळ, आंघोळीनंतर, त्वचेपेक्षा सुती कापडावर, दोनच फवारे. एवढं करूनही वासात भरलेपण हवंसं वाटलं तर झाक गेरलँचंच १९१२चं 'लर ब्ल्यू' हुंगून पाहा. याच घराण्यातलं आहे, पण बरंच दाट आणि गोड. बाटली घेण्याआधी या वेळी नमुना मात्र मागून घ्या, आणि निदान दोन दिवस लावून बघा.