उंदराचा लहान मेंदू आणि मुलीचं गणित

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञानला आहे. लहान मेंदू उंदरांना वाट शोधायला कशी मदत करतो, यावरचं एक व्याख्यान तिने यूट्यूबवर ऐकलं, तेव्हापासून मेंदूवर संशोधनच करायचं म्हणते. क्लासचे सर सांगतात, ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) द्या आणि गणित सोडून भूगोल घ्या. तिने काय करावं? – एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

गणित सोडू देऊ नका. का, ते तिला आवडलेल्या विषयातूनच सांगतो.

दहावीपर्यंत आपण शिकलो की अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, तोल सांभाळतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. 2011 साली पॅरिसमधल्या लॉर रोंदी-रेग यांच्या गटाने काही उंदीर अभ्यासले. त्यांच्या लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींमध्ये (या लहान मेंदूतल्या मुख्य चेतापेशी) अनुभवानुसार जोडण्या बदलण्याची एक सोय जनुकीय बदलाने बंद केलेली होती. हे उंदीर चालायचे नीट, उजेडात वाटही नीट शोधायचे. अंधार केला की मात्र गडबड. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागात ज्या पेशी उंदीर ठरावीक जागी आल्यावरच सक्रिय होतात (जॉन ओकीफ यांना 2014 चं नोबेल याच पेशींच्या शोधासाठी मिळालं), त्यांचा नकाशाच अंधारात विस्कटायचा.

अंधारात उंदराला हिशोब ठेवावा लागतो : किती पावलं आलो, किती अंशात वळलो. डोकं कसं वळलं याची अंतर्कर्णाकडून (कानाच्या आतल्या भागाकडून) येणारी माहिती डोक्याच्या संदर्भात असते, खोलीच्या नाही. डोकं तिरकं असताना ते वळलं तर खोलीत आपण नेमके कुठे वळलो, हे काढायला ती माहिती बदलून घ्यावी लागते, आणि त्या कामात लहान मेंदूचा वाटा आहे. हे सगळं सदिश (दिशेसकट मोजायच्या राशी) आणि त्रिकोणमिती झालं. म्हणजे मुलीला जे आवडलंय, त्याच्या पोटात तेच गणित आहे जे तिला सोडायला सांगताहेत!

प्रयोगशाळेतलं रोजचं कामही असंच असतं. पेशींचे संकेत टिपायला केसाहून बारीक तारा मेंदूत बसवलेला उंदीर पेटीत फिरतो, आणि विद्यार्थी तासन् तास पडद्यावरचे आकडे चाळत बसतो. उंदीर कुठे होता हे व्हिडिओतून काढायला डीपलॅबकटसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते पायथन या संगणकीय भाषेवर चालतं. या सुट्टीत पायथन शिकायला लावा. आणि एक स्पष्ट विचारा : उंदरावर शस्त्रक्रिया करणं तिला झेपेल का? संस्थेच्या नीतिसमितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग होत नाही हे खरं, पण हात तिचाच असणार. नाही म्हणाली तरी बिघडत नाही. संगणकावर मेंदूची प्रतिरूपं बनवणारेही या क्षेत्रात आहेत, शिवाय बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत वत्सला तिरुमलाई यांचा गट लहान मेंदूचाच अभ्यास झेब्राफिश माशांवर करतो.

आता प्रवेशाचं. संशोधनासाठी एमबीबीएसची गरज नाही. बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी, तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) आहे. बारावीला गणित नसलं तरी आयएटीला बसता येतं, हे सर सांगतील आणि ते बरोबरही आहे. पण पेपरात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात. चौथा हिस्सा सोडून कोण स्पर्धेला उतरतं? नीटही द्यायची असेल तर देऊ दे, अभ्यास बराचसा तोच.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000, घरभाडं वेगळं. पक्की नोकरी तिशीनंतर, आणि प्राध्यापकांच्या जागा मोजक्याच. सगळ्यांना त्या मिळत नाहीत. तोवर घरून पैशांची घाई होणार असेल, तर हे आजच तिच्याशी बोला.

कॉलेजात विषय बदलायची मुदत कधी संपते, ते मात्र या आठवड्यातच विचारून घ्या. भूगोलाचा अर्ज भरून झाला असेल तर तो आधी मागे घ्या.