वीज कोळशाचीच असेल, तर इलेक्ट्रिक बसने शहराची हवा सुधारते का?

तुमचं म्हणणं असं, की वीज कोळसा जाळूनच तयार होणार असेल तर इलेक्ट्रिक बस म्हणजे शहरातला धूर चंद्रपूरला ढकलणंच झालं. काही अंशी खरं आहे. महाराष्ट्राची निम्म्याहून जास्त वीज आजही औष्णिक केंद्रांतून येते आणि त्याची झळ चंद्रपूर-कोराडीच्या लोकांना बसते. म्हणून बसवर ‘शून्य प्रदूषण’ लिहिलेलं मला पटत नाही.

आकडेमोड करून बघा. 12 मीटरची एसी ई-बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज खाते. आपल्या विजेमागे युनिटला सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर किलोमीटरला 900 ग्रॅमच्या आसपास झाला. तेवढीच डिझेलची एसी बस लिटरला अडीच किलोमीटर गेली तर हाच आकडा हजार-अकराशेवर जातो. फरक आहे, पण फार मोठा नाही.

शहरातल्या हवेचं मात्र वेगळं. पुण्यात स्वारगेटच्या सिग्नलला जुन्या डिझेल बसच्या मागे दुचाकीवर उभे राहिला असाल तर सांगायला नको. सिग्नल सुटला की काळा लोट थेट तोंडावर येतो. ती काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड तिथे फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बाईच्या वाट्याला दिवसभर. ई-बस त्याच जागी थांबली की फक्त एसीची घरघर ऐकू येते. ब्रेक लावताना मोटरच जनरेटरचं काम करून बॅटरीत वीज परत भरते, त्यामुळे ब्रेक कमी झिजतात आणि त्यांची धूळही कमी. टायरची धूळ उरतेच. सीएनजी बसमध्ये काजळी आधीच कमी असते, तिथे हा फरक तितका जाणवणार नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बसमधली गर्दी. त्याच 900 ग्रॅमची 50 प्रवाशांत वाटणी केली तर माणशी 18 ग्रॅम. लिटरला 50 किलोमीटर जाणारी स्कूटर किलोमीटरला 46 ग्रॅम सोडते, 15 चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल कार दीडशेच्या वर. आणि बसमध्ये दहाच माणसं असली तर माणशी 90 ग्रॅम, म्हणजे एकट्याने स्कूटर नेलेली बरी! बस भरायची तर ती वेळेवर आणि लागोपाठ यायला हवी. पाऊण तास थांब्यावर ताटकळलेला माणूस पुढच्या महिन्यात हप्त्यावर दुचाकी घेतो. बॅटरी कितीही चांगली असली तरी तो परत येत नाही.

पुण्यात पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवा चालवणाऱ्या महामंडळाच्या, पहिल्या ई-बस फेब्रुवारी 2019 मध्ये आल्या. चीनमधल्या शेन्झेनने 2017 च्या अखेरीस 16 हजारांवर बसचा अख्खा ताफाच इलेक्ट्रिक केला. आपल्याकडे केंद्राच्या निकषाप्रमाणे चांगल्या सेवेसाठी लाख लोकसंख्येमागे 60 बस हव्यात आणि पुणे त्याच्या बरंच खाली आहे. त्यात बहुतेक ई-बस ठेकेदाराच्या असतात, त्याला पैसे किलोमीटरप्रमाणे मिळतात. बस रिकामी धावली तरी महामंडळाला ते द्यावेच लागतात.

त्यामुळे यापुढे तुमच्या शहरात नव्या ई-बसचं उद्घाटन झालं, की त्याच वर्षी जुन्या किती बस भंगारात गेल्या तेही नगरसेवकाला विचारा. शंभर आल्या आणि शंभर गेल्या असतील, तर थांब्यावरची रांग आहे तेवढीच राहणार.