जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या काचेचं रबर सुटलंय, सिलिकॉन भरून भागेल का?

तुमची गाडी तीस-पस्तीस वर्षं जुनी, दोन सीटची. पुढच्या काचेचं रबर वरच्या कोपऱ्यात उचललं गेलंय, वेग वाढला की शिट्टी वाजते, पावसात पायाखालचं कार्पेट ओलं होतं. सिलिकॉनची ट्यूब आणून फट भरली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. मी भरली होती, म्हणून सांगतो. काम झालं वीस मिनिटांत आणि दिसलंही छान. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाणी बंद होतं, मग कोपऱ्याजवळच्या रंगाखाली तांदळाएवढा फुगा आला. रबर काढून बघितलं तर वरून आत शिरलेलं पाणी माझ्याच सिलिकॉनने अडवून धरलेलं, आणि पत्रा पापडासारखा झालेला. स्वस्तातलं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो खरोखरच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा असतो. उघड्या पत्र्याला त्याने गंज लागतो. वर त्याचा अंश एकदा पत्र्यावर राहिला की त्यावर ना रंग नीट धरत, ना पुढे कधी काच चिकटवायचं युरेथेन. ते खरवडून काढण्यात माझे दोन रविवार गेले.

ट्यूब हातात घेण्याआधी काच बसवलीय कशी ते बघा. पद्धती दोनच. जुन्या पद्धतीत रबराला दोन्ही अंगांनी खाचा असतात, एका खाचेत काच आणि दुसरीत पत्र्याची कड. डॅटसन २४०झेड अशीच, आणि पोर्शची जुनी एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची) ९११ सुद्धा बराच काळ अशीच होती. नव्या पद्धतीत काच थेट पत्र्यावर युरेथेनने चिकटवलेली असते आणि बाहेरून दिसणारी पट्टी बहुतेक शोभेची. १९८९ साली आलेल्या माझदाच्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये काच अशी चिकटवलेली आहे. आत बसून कोपऱ्यात बघा. रबर आतल्या बाजूलाही वळून पत्र्यावर बसलेलं दिसलं तर पहिली पद्धत. आत रबर नाही, काचेच्या कडेला फक्त काळी रंगवलेली किनार आहे, तर दुसरी.

चिकटवलेल्या काचेबद्दल पटकन सांगून मोकळा होतो. आतून दोन्ही तळव्यांनी कोपरा हलका दाबा. काच केसभरही हलता कामा नये. हलली तर घरी काही करू नका, काच बसवणाऱ्याकडे जा. अशा गाडीत काच टपाला आधार देते, आणि शेजारच्या सीटला एअरबॅग असेल तर ती उघडताना काचेवरच टेकते. काच घट्ट आहे आणि नुसती बाहेरची पट्टी सुटलीय, तर पट्टी बदला, शिट्टी बहुधा तिथेच थांबेल.

तुमच्या वर्णनावरून मला तुमची काच रबरातली वाटते, त्यामुळे पुढचं त्याबद्दल.

शिट्टी आणि गळती हे दोन वेगळे आजार समजा. शिट्टीसाठी मास्किंग टेप घ्या. रबर आणि पत्र्यामधली सगळी फट टेपने झाका आणि एक चक्कर मारून या. आवाज गेला असेल तर टेपचा एकेक तुकडा काढत पुन्हा चालवा. ज्या तुकड्यानंतर आवाज परत येईल, जागा तीच. माझ्या गाडीत सगळा संशय कोपऱ्यावर होता आणि शिट्टी निघाली दाराच्या आरशाच्या बुडातून.

गळतीसाठी एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा, जोराची धार नको, नुसतं वाहतं. सुरुवात खालून करा. आधी वायपरच्या दांड्यांजवळ, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड, प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. कार्पेट ओलं होण्याचं कारण कित्येकदा काच नसतंच. काचेखालच्या जाळीतलं पाणी वाहून नेणारी भोकं पालापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी हीटरच्या वाटेने आत येतं.

आता रबर. उचललेल्या जागी नख रुतवा. खूण लगेच भरून आली तर रबरात जीव आहे. खूण तशीच राहिली किंवा लिप, म्हणजे रबराचा कडेचा पातळ ओठ, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर ते संपलं. जुनं रबर आकसतं, आणि आकसलेली रिंग सगळ्यात आधी कोपऱ्यात उचलते, कारण ताण तिथेच येतो. असं रबर कशानेही चिकटवलं तरी महिन्याभरात शेजारून सुटतं.

जीव असेल तर काम सोपं आहे. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा, रबर मऊ पडतं. लिप उचलायला प्लॅस्टिकची पट्टी किंवा आइस्क्रीमची काडी घ्या, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा, आणि ती कडेला फार नाजूक असते. टोक एकदा कडेला लागलं की तडा आज नाही तर उद्या जातो. आतली माती काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेअर ड्रायरने खडखडीत वाळवा. मग काचेच्या रबरासाठीच मिळणारं, कधीच पूर्ण कडक न होणारं सीलंट बारीक नळीने भरा, आधी काच आणि रबराच्या मध्ये, नंतर रबर आणि पत्र्याच्या मध्ये. टेप लावून रात्रभर सोडा. लिप उचलताना आत तांबूस भुकटी दिसली तर मात्र हात थांबवा, मग काच काढल्याशिवाय इलाज नाही.

काच काढावीच लागली तर नवं रबर आणाच, जुनं परत बसवू नका. गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत काढा, इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि रंग पुरता वाळू द्या. नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. काचेची कड दुधाळ झाली असेल तर थरांमध्ये ओल शिरलीय. ते पॉलिशने जात नाही, काचही याच वेळी बदला.

बसवण्याची युक्ती जुनीच, पण पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. रबर काचेवर चढवायचं, पत्र्याच्या बाजूच्या खाचेत तीन-चार मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवायची आणि खालच्या मधोमध दोन्ही टोकं हातभर एकमेकांवरून पुढे काढून ठेवायची. पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, आजच्या बहुतेक रबरांना ते फुगवतं. एकाने बाहेरून काच तळव्याने दाबून धरायची, दुसऱ्याने आत बसून दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ टपटप पत्र्यावरून आत उलटतो. बाहेरच्याचा हात नेहमी दोरी जिथून निघतेय तिथेच हवा. कोपऱ्यात अडेल. तिथे ठोसे मारू नका, आणखी साबण लावा आणि दोरी परत थोडी मागून ओढत आणा. माझ्या वेळी तिसऱ्या प्रयत्नात काच बसली आणि आत बसलेल्या भावाने दोरी पदक मिळाल्यासारखी उंच धरली.

रबराच्या बाहेरच्या अंगाला चकचकीत पट्टीची खाच असेल तर पट्टी सगळ्यात शेवटी. तीच रबर फुगवून काच आवळते. पट्टी गहाळ असेल किंवा आखूड पडली असेल तर नवं रबरही ढिलंच बसतं, त्यामुळे तुमच्या गाडीत ती जागेवर आहे का हे आजच बघा.

सीलंट भरल्यावर पहिला एक दिवस दार लावताना बाजूची काच दोन बोटं खाली ठेवा. छोट्या केबिनमध्ये दार आपटलं की हवेचा दाब थेट पुढच्या काचेवर येतो.