गुहागरच्या कौलारू घरावर सोलर बसवायचं तर सरकारकडून नेमकं किती मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गुहागर तालुक्यात, समुद्राच्या जवळ. पुढचं जुनं घर कौलारू, मागे दोन खोल्यांवर स्लॅब. आई-बाबा बारमाही तिथेच, तुम्ही मुंबईत. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात १८०-१९० युनिट पडतात, एरवी ११०-१२०. मीटर अजून आजोबांच्या नावावर. गावात आलेला एजंट म्हणतो, तीन किलोवॅट बसवा, ७८ हजार सरकार देतं. शिवाय सोलर हीटरला आणि जुने पंखे बदलायला काही मिळतं का, हेही तुम्ही विचारलंय.

मी देवगड तालुक्यात, खाडीकाठी राहतो. घरावर दोन किलोवॅट आहे आणि वाडीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज माझ्याच पडवीत बसून भरलेत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

एजंटाचा आकडा खोटा नाही. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त (फेब्रुवारी २०२४ पासून) एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार मिळतात. म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटना तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा आणि पुढे शून्य. सरकारनं हे पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याला ४५ हजार खर्च धरून बसवलंय. पहिल्या दोनचा साठ टक्के खर्च ते देतात, तिसऱ्याचा चाळीस. आपल्याकडे उंच स्ट्रक्चर, वाहतूक आणि अर्थिंगचा खड्डा धरला की खर्च बहुतेक वेळा त्याहून वर जातो, आणि तो वरचा भाग सगळा तुमच्या खिशातून.

आता तुमचा हिशेब. चार महिने १८५ आणि आठ महिने ११५ धरली तर वर्षाची साडेसोळाशे युनिटं होतात. आपल्या पट्ट्यात एक किलोवॅट पावसाळा धरून वर्षाला साधारण बाराशे ते चौदाशे युनिट देतो. तीन किलोवॅट बसवलात तर घरच्या गरजेच्या दुपटीहून जास्त वीज तयार होईल. जास्तीच्या युनिटांचं काय होतं, हे एजंट सांगत नाही. नेट मीटरिंगमध्ये (तुम्ही लाइनला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते) उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा धरली जातात, पण ३१ मार्चला खातं मिटतं आणि तेव्हा शिल्लक असलेल्या युनिटांना मिळणारा भाव तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. थोडक्यात, अठरा हजारांच्या अनुदानासाठी तुम्ही तिसऱ्या किलोवॅटचे उरलेले पैसे भरणार आणि त्याची वीज महावितरणला स्वस्तात देणार.

हे मार्चचं वर्ष मात्र कोकणाला फार सोयीचं पडलंय. नवं खातं १ एप्रिलला सुरू होतं, आणि एप्रिल-मे हे आपले भरघोस उन्हाचे महिने. तेव्हा जमा झालेली युनिटं जून ते ऑगस्टच्या अंधाऱ्या दिवसांत वापरता येतात. माझ्याकडे जुलैत पॅनल जवळजवळ झोपलेले असतात, तरी बिलात फारसा फरक दिसत नाही. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. ‘बिल शून्य’ असं कोणी म्हणालं तर त्याला त्याचं स्वतःचं बिल दाखवायला सांगा.

पंख्यांचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय, मी असतो तर तिथून सुरुवात केली असती. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे अठ्ठेचाळीस. आणि उन्हाळ्यात ही सगळी युनिटं शंभरच्या वरची, म्हणजे महागड्या टप्प्यातली, एरवी त्यातली पंधरा-वीस. महावितरणच्या घरगुती दरात १०१ व्या युनिटापासून दर दुपटीहून जास्त होतो, हे बिलाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. पंखे बदलले की तुमचे एरवीचे महिने शंभराच्या आत येतील. त्यासाठी अनुदान नाही. उजाला योजनेतले एलईडी दिवे २०१५ पासून स्वस्तात मिळाले, तेही एकगठ्ठा खरेदीमुळे. तुमच्या खात्यात कोणी काही जमा केलं नव्हतं. पण १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा दुकानात पाच तारे बघून घ्या. पंख्याची किंमत तुम्हाला बिलातूनच परत मिळेल, कुठला अर्ज न करता.

पंखे बदलल्यावर वर्षाची गरज अकराशे-बाराशेच्या आसपास येते. मग एक किलोवॅटही पुरतो. एसी घ्यायचा विचार असेल किंवा आई इंडक्शनवर स्वयंपाक करणार असेल तर दोन. दोनच्या पुढे जाऊ नका.

राज्याचीही एक योजना आहे, ‘स्मार्ट’ नावाची: स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. ती एक किलोवॅटपुरती, दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या ग्राहकांसाठी आहे. केंद्राच्या तीस हजारांवर राज्य दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५ हजार आणि इतरांना १० हजार देतं. पन्नास हजारांच्या संचाला पहिल्या गटातल्या घराला जेमतेम अडीच हजार भरावे लागतात. वर्षभरात कुठल्याच महिन्यात शंभराच्या वर गेलेलं चालत नाही, त्यामुळे तुम्ही बसत नाही. पण वाडीत एकट्या राहणाऱ्या काकू-आजी असतील, दोन दिवे आणि एक टीव्ही, त्यांना हे जरूर सांगा. त्यांच्यापर्यंत अशी बातमी सहसा पोचत नाही.

आता खरी अडचण: आजोबांच्या नावावरचं मीटर. पोर्टलवर अर्जदाराचं नाव आणि वीजबिलावरचं नाव एकच लागतं, आणि अनुदान त्याच माणसाच्या बँक खात्यात येतं. कोकणात अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. असेसमेंटच्या उताऱ्यावर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत) आजोबा, त्यांचे दोन भाऊ, पुढे चुलते, एखादी आत्या. त्यातले निम्मे डोंबिवलीत, एक सुरतेला. महावितरणकडे नाव बदलायला मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र लागतं, आधीची थकबाकी असेल तर तीही भरावी लागते. मीटर बाबांच्या नावावर करून घ्या, तुमच्या नको. राहतात ते, आणि पुढची तपासणी वगैरे त्यांनाच सांभाळायची आहे. सगळे भाऊबंद एका जागी सापडतात ते गणपतीत किंवा शिमग्यात, तेव्हाच सह्या उरकून घ्या. आणि चुलत्यांना आधीच सांगा की हे फक्त विजेच्या मीटरपुरतं आहे. नाहीतर सोलर बाजूला राहतं आणि वाटपाचा विषय निघतो.

नाव झालं की पुढचं सोपं आहे. पीएम सूर्यघर पोर्टलवर नोंदणी करायची, ग्राहक क्रमांक टाकायचा. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, मंजूर भार (बिलावर लिहिलेली कनेक्शनची मर्यादा) कमी पडत असेल तर तोही वाढवून मिळतो. पोर्टलवरच्या यादीतलाच विक्रेता निवडायचा. तो बसवतो, मग नेट मीटर लागतो, महावितरणचा माणूस तपासून जातो, आणि त्यानंतर बँकेचे तपशील भरले की अनुदान थेट खात्यात येतं. ‘अनुदान आम्ही वळतं करून घेतो, तुम्ही फक्त ओटीपी द्या’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. सरकारी बँकांचं विनातारण कर्जही याच योजनेत कमी व्याजानं मिळतं, पण एक-दोन किलोवॅटसाठी मी ते काढणार नाही.

पॅनल ‘डीसीआर’ हवेत, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले. अनुदानाची ती अट आहे. बाहेरच्या सेलचे पॅनल स्वस्त पडतात म्हणून कोणी सुचवलं तर तो तुमचं अनुदान घालवतोय. सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, कोटेशनमध्ये तेवढं बघा.

जागा. कौलांवर पॅनल चढवू नका, हे माझं ठाम मत. जुने वासे आणि रीपा मंगलोरी कौलांचं वजन कसंबसं पेलतात, त्यावर लोखंड आणि काच, आणि दर वर्षी कौलं परतायला माणूस चढणार कुठून? वानरांच्या उड्यांनी फुटलेलं कौल पॅनलखालून काढता येत नाही. मागचा स्लॅब आहे तोच वापरा. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा पुरते. सावलीचं मात्र नीट बघा: सकाळी नऊला आणि दुपारी तीनला उभं राहून माडांच्या सावल्या कुठे पडतात ते पाहायचं, तेही डिसेंबरात, सूर्य दक्षिणेला कललेला असताना. आणि माडाच्या खाली तर बसवूच नका. वरून पडलेला नारळ काचेची गय करत नाही.

खाऱ्या वाऱ्याचा विषय अनुदानाच्या कागदात कुठेच ठळक येत नाही, पण समुद्रकाठी सगळा खेळ त्याचा आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे बसवणाऱ्यानं साधे बोल्ट वापरले, दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते पान्यानं फिरेनात. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) किंवा अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट-नट स्टेनलेस स्टीलचे, आणि पॅनल खाऱ्या हवेच्या चाचणीत (आयईसी ६१७०१) उतरलेले, हे तीन मुद्दे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी नको. साइटवर कापलेल्या आणि ड्रिल केलेल्या जागी लगेच झिंकचा रंग मारायला लावा, गंज तिथूनच धरतो. योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. म्हणून चिपळूण-रत्नागिरीचा माणूस बघा. दोनशे किलोमीटरवरचा ऑगस्टात येत नाही.

अर्थिंगही तसंच. तुमच्याकडे खाली जांभा किंवा कातळ असणार, मे महिन्यात तो सुकून खडखडीत होतो आणि अर्थिंग नावालाच राहतं. मीटरनं मोजून आकडा दाखवायला सांगा, शक्यतो उन्हाळ्यातच. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कशा कोसळतात ते तुम्ही जाणताच, लाइटनिंग अरेस्टरवर (पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळईवर) पैसे वाचवू नका.

आणि एक गोष्ट आई-बाबांना बसवायच्या आधी समजावून सांगा. लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं, भर दुपारी उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप सुटतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, पुढच्या मेमध्ये तौक्ते येऊन गेलं. अशा वेळी छपरावरचा साधा ऑन-ग्रिड (लाइनला जोडलेला, बॅटरी नसलेला) संच काही कामाचा नसतो. बॅटरीसह हायब्रिड संच योजनेत चालतो, पण बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही. घरात आधीपासून इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तीच सांभाळा, तेवढ्यानं दोन पंखे आणि दिवे निघतात.

सोलर हीटरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. पुण्यात हीटर बसवला की घरपट्टीत सूट मिळते ते खरं, पण ती महापालिकेची. त्यावरून ग्रामपंचायतीत वाद घालू नका. आपल्या हवेत अंघोळीपुरतं पाणी तापवायला तो लागतोच असंही नाही. न्हाणीत चूल असेल तर झावळं-सोडणांवर हंडा तापतो, गीझर असेल तर त्याची महिन्याची पंचवीस-तीस युनिटं छपरावरच्या हिशेबात बसतात.

विहिरीवरच्या पंपाचं विचाराल म्हणून सांगतो: ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ मध्ये शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच. पण तो शेतीसाठी, सातबाऱ्यावर. परसातल्या घरगुती विहिरीला तो मिळत नाही. पोफळीचं आगर असेल तर चौकशी करा.

गोठ्यात जनावरं आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. चार-पाच असतील तर रोजच्या पन्नासेक किलो शेणावर दोन घनमीटरचा गोबर गॅस चालतो. केंद्राच्या २०२१ ते २०२६ च्या टप्प्यात दोन ते चार घनमीटरच्या सयंत्राला सर्वसाधारण गटात १४,३५० रुपये ठरले होते, अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात. उबदार हवेमुळे आपल्याकडे तो बारमाही गॅस देतो, आणि सिंधुदुर्गात घरोघरी चालताना बघितलाय. सिलिंडरचा खर्च वाचतो तो वेगळाच, शिवाय स्लरी (गॅस निघून उरलेला शेणाचा काला) माडांना घालता येते. जनावरं असतील तर बाबांना आधी याचं विचारा आणि मला कळवा, अर्जाला कोणते कागद लागतात ते लिहीन.