कॉकटेलचं पिल्लू हाताने भरवलं तरच माणसाळतं का?

तुम्ही लिहिलंय की तीन आठवड्यांचं कॉकटेल (डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट) परवा डोंबिवलीला घरी आणलं, दुकानदाराने सोबत सिरिंज आणि पावडरची पुडी दिली आणि 'हाताने भरवाल तरच माणसाळेल' असं बजावलं. ते किती दिवसांत माणसाळेल आणि पंख आत्ताच कापून घ्यावेत का, हे तुम्हाला विचारायचंय.

माणसाळण्याचं नंतर बघू. आधी ते जगायला हवं.

दुकानदाराचं हे वाक्य मी सहा वर्षं ऐकतेय, तेही आमच्याच घरात. म्हणून उत्तर लांबलं तर समजून घ्या.

आम्ही मिरजेत एकत्र राहतो. सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या धाकट्या दिरांनी पुतणीच्या सातव्या वाढदिवसाला पिल्लू आणलं. बुटाचं खोकं, आत लाकडाचा भुस्सा आणि त्यावर बसलेला मूठभर जीव. अंग पिवळं, डोळे लालसर, डोक्यावर तुऱ्याच्या जागी पाच-सहा नळ्या ताठ उभ्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला पिसाचा जरासा झुबका फुटलेला. अठरा दिवसांचं आहे म्हणाले. खोक्याचं झाकण उघडलं की मान वरखाली हलवत घरघर आवाज काढायचं. पुतणीने त्याचं नाव पिवळी ठेवलं. भावजींनी सिरिंज माझ्या हातात दिली. "वहिनी, हे तुमचं काम. हाताने भरवलेलंच माणसाळतं, आईबापाखाली वाढलेलं जंगली राहतं. दुकानदाराने स्पष्ट सांगितलंय."

पुडीत लहान बाळांना देतात तसलं दुधाचं आणि गव्हाचं पीठ होतं. दूध पक्ष्याला पचत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दोन मुलं वाढवलेली बाई. पीठ कोमट पाण्यात कालवलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि भरवलं. आपल्या मनगटाला कोमट लागतं ते त्या पिल्लाला गार असतं, कारण पक्ष्याचं अंगच चाळिसाच्या वर असतं. गार खाणं गळ्याखालच्या थैलीत तसंच पडून राहतं. पक्षी पाळणारे त्या थैलीला क्रॉप म्हणतात. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रॉप रात्रीइतकाच फुगलेला होता. ते ओरडत होतं, म्हणजे भूक असणार असं समजून मी त्यावरच आणखी भरवलं. संध्याकाळी बोट लावलं तर पाण्याच्या फुग्यासारखं लिबलिबीत लागलं आणि चोचीतून आंबूस वास आला, इडलीचं पीठ जास्त फुगल्यावर येतो तसा. चौथ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. पक्ष्यांचं मला कळत नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी पुतणी खोकं घेऊन माझ्याकडे आली. "मोठी आई, ही गार का लागतेय?"

अंगणातल्या पारिजातकाखाली आम्ही तिला पुरलं. त्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर भावजी म्हणाले, "वहिनी, एवढंसं पिल्लू सांभाळता आलं नाही तुम्हाला?"

भरल्या क्रॉपवर भरवलं ते माझ्याच हाताने, ते मी नाकारत नाही. पण आयुष्यात कधी पक्षी न पाळलेल्या माणसाच्या हातात अठरा दिवसांचं पिल्लू ठेवायचं आणि त्याला माणसाळवण्याचा मार्ग म्हणायचं, हा निव्वळ धंदा आहे. दुकानदाराचं दिवसातून चार-पाच वेळा भरवायचं काम वाचतं, पिंजऱ्यातली जागा मोकळी होते आणि पिल्लू गेलं तर दोष घेणाऱ्याचा. कॉकटेलमध्ये नर आणि मादी दोघंही आळीपाळीने अंडी उबवतात, दोघंही पिल्लांना भरवतात. त्या दोघांनी मिळून करायचं काम आपण एका सिरिंजवर सोपवतो.

आता तुमच्या पिल्लाचं. दुकानदार खरोखर अनुभवी असेल तर आजच त्याच्याकडे परत न्या. स्वतः खायला लागेपर्यंत सांभाळ, वरचे पैसे देतो, पण स्वतः खाताना बघितल्याशिवाय नेणार नाही, असं सांगा. तो नाही म्हणाला तर भरवणं तुमच्यावर आलं. मग पुडी बाजूला ठेवा आणि पोपटाच्या पिल्लांसाठीचा तयार फॉर्म्युला आणा, डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात कालवा. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल थर्मामीटर हवाच. खाणं ४० ते ४१ अंश सेल्सिअस असलं पाहिजे. ३८ च्या खाली गेलं की क्रॉप थबकतो, ४३ च्या वर गेलं तर क्रॉप आतून भाजतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, वाटी कोमट लागते आणि मध्येच एखादा घास चटका देणारा निघतो. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा.

सिरिंजपेक्षा कडा वर वळवलेला चमचा बरा. वेळ जास्त लागतो, पण पिल्लू आपल्या गतीने गिळतं. सिरिंजच वापरणार असाल तर पिल्लाच्या डाव्या बाजूने चोचीत घालून टोक त्याच्या उजवीकडे ठेवा, अन्ननलिका मानेत त्या बाजूला असते. मान वरखाली हलत असेल तेव्हाच हळूहळू सोडा, मान थांबली की तुम्हीही थांबा. जोर केलात तर खाणं श्वासनलिकेत जातं आणि मग फारसं काही हातात राहत नाही.

तीन आठवड्यांच्या कॉकटेलला एका वेळी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं पुरतं. ७० ग्रॅमचं असेल तर ७ मिली. दिवसा चार-पाच तासांनी, मधल्या रात्री नाही. चोवीस तासांत एकदा तरी क्रॉप पूर्ण रिकामा झालाच पाहिजे, आणि ती वेळ म्हणजे पहाट. सकाळी भरलेला दिसला तर वर काही घालू नका, सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जा. तुम्ही डोंबिवलीला आहात, म्हणजे परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तुम्हाला लोकलच्या अंतरावर आहे. आम्हाला मिरजेत तेवढंही नव्हतं.

ऊब. अर्धवट पिसं फुटलेल्या पिल्लाला २८ ते ३० अंश लागतात. खोक्याच्या एकाच बाजूला ऊब द्या म्हणजे त्याला हवं तसं सरकता येईल. पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर गरम होतंय, आकसून बसलं असेल तर गारठलंय. भुस्सा काढून टाका, पिल्लू तो गिळतं. खाली कापड किंवा टिश्यू पेपर घाला.

आता मूळ प्रश्न, माणसाळण्याचा.

पिवळी गेल्यावर दोन वर्षं मी घरात पक्षी येऊ दिला नाही. मग पुतणीच म्हणाली म्हणून कोल्हापुरात गच्चीवर कॉकटेल वाढवणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे गेले. त्यांनी पिल्लू विकायला नकार दिला. "आईबाप भरवतायत, आठ-दहा आठवड्यांचं होऊ द्या, मग या." दहा आठवड्यांनी करड्या रंगाचा, स्वतः खाणारा, सिरिंज कधी न पाहिलेला पक्षी आणला. नाव बाबू. भावजी पिंजऱ्यासमोर उभे राहिले तेव्हा तुरा मागे चापून तो सापासारखा फुसफुसला. "बघा, जंगली आणलंत," म्हणाले.

मी शाळेत शिकवते, नोंदी ठेवायची सवय आहे. त्या वहीवरून सांगते. पहिले सहा दिवस मी पिंजऱ्यात हात घातला नाही, फक्त खाणंपाणी बदलण्यापुरता. रोज संध्याकाळी शेजारी खुर्ची टाकून वह्या तपासायचे आणि अधूनमधून बोलायचे. पिंजरा भिंतीला टेकून छातीच्या उंचीवर ठेवलेला. पाठीशी भिंत असली की पक्ष्याला चहूकडून धास्ती राहत नाही. सातव्या दिवसापासून राळ्याचं कणीस लांब दांड्याला धरून जाळीतून आत. अकराव्या दिवशी त्याने मी धरलेल्या कणसातला पहिला दाणा सोलला. मग रोज कणसाचा दांडा थोडा आखूड करत गेले, बोट आणि दाण्यात वीतभर अंतर होतं ते दोन बोटांवर आलं. सव्विसाव्या दिवशी बोट त्याच्या पोटाला, पायांच्या जरा वर, अलगद टेकवलं आणि तो चढला. चव्वेचाळिसाव्या दिवशी त्याने मान खाली घालून डोकं माझ्या बोटाला लावलं, खाजवायला. तुऱ्याखालची कातडी किती ऊन असते ते मला त्या दिवशी कळलं.

तर घाई केली नाही आणि पक्षी आईबापाने नीट वाढवलेला असला तर महिना-दीड महिना. तुमच्या पिल्लाला तुमच्या हाताची भीती मुळातच नसेल, त्यामुळे त्याचे दिवस मोजायची गरज नाही. त्याची अडचण पुढे येते. सात ते दहा आठवड्यांच्या दरम्यान ते स्वतः खायला लागेल. तेव्हा 'आता मोठा झालास' म्हणून भरवणं एकदम तोडू नका. राळं, मोड आलेले मूग, कोथिंबीर समोर ठेवा, उरलेले मूग दोन तासांनी काढून टाका. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस (माकूळाचं वाळलेलं पांढरं हाड) अडकवा. शेवटचा रात्रीचा घास तोच नको म्हणेपर्यंत चालू द्या.

भावजींचं दुसरं तत्त्व उपाशी ठेवण्याचं. भूक लागली की झक मारत हातावर येतो, असं ते अजून सांगतात. मोठा कॉकटेल असतो ८०-१०० ग्रॅमचा, त्याच्या अंगात उपास काढण्याइतकं साठलेलं काही नसतं. उपाशी पक्षी हातावर आला तरी तो दाण्यासाठी आलेला असतो, दाणा संपला की परत फुसफुसतो. राळ्याचं कणीस आवडीचं आहे म्हणून फक्त शिकवतानाच देणं वेगळं, आणि रोजचं ताटच काढून घेणं वेगळं. हा फरक त्यांना चार वर्षांत पटलेला नाही.

अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲमेझॉन पोपटांवर झालेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पिल्लं घरट्यात आईबापांकडेच ठेवली होती, फक्त रोज थोडा वेळ माणसांनी हाताळली. ती पिल्लं माणसाळली. म्हणजे माणसाचा हात लागला पाहिजे हे खरं, घास माणसाचाच असला पाहिजे हे खरं नाही. कोल्हापूरचे ते गृहस्थ नेमकं हेच करत होते, घरट्याच्या पेटीतून पिल्लू रोज पाच-दहा मिनिटं बाहेर काढायचे आणि परत ठेवायचे. हे मी भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ॲमेझॉनचं वेगळं. मग बाबूचं काय? बाबू म्हणे नशिबाने लागला.

पंखांचं: आत्ता अजिबात कापू नका, अजून ते उडायलाही शिकलेलं नाही. चार-पाच आठवड्यांचं झालं की फडफडायला लागेल. वळायचं कसं, वेग कमी करून उतरायचं कसं हे ते त्याच दिवसांत शिकतं. त्याआधी पंख छाटलेला पक्षी दगडासारखा छातीच्या हाडावर आपटतो आणि आयुष्यभर बिचकत राहतो. उडून जाईल ही भीती असेल तर खिडक्यांना जाळी लावा. पंख्याची भीती खरी आहे. आमच्याकडे बाबू बाहेर असताना छताच्या पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावलेली असते, पाहुण्यांनाही कळतं. नॉनस्टिक तवा मात्र घरातून काढूनच टाका. तो रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, शेजारच्या खोलीत असला तरी. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट चोचीलाही लागू देऊ नका.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. हाताने भरवणारे सगळेच वाईट नाहीत. वर्षानुवर्षं करणारे, तोलकाटा आणि थर्मामीटर घेऊन बसणारे लोक आहेत आणि त्यांची पिल्लं उत्तम निघतात. माझा राग स्वतः खायला न लागलेलं पिल्लू नवख्याच्या गळ्यात मारण्यावर आहे. दुसरं, हे सगळं कॉकटेल, बजरीगर अशा पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच पैदास झालेल्या परदेशी पक्ष्यांबद्दल आहे. उद्या कुणी आपल्या हिरव्या राघूचं पिल्लू ढोलीतून काढून आणून देतो म्हणालं तर हाकलून द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो पाळणं, विकणं, विकत घेणं सगळा गुन्हा आहे. माझ्या आजोळी होता पिंजऱ्यात, तेव्हा घरोघरी असायचे, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आज एक करा. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा तोलकाटा आणा, किराणा दुकानात मसाल्यासाठी असतो तसला. उद्या सकाळी पहिल्या घासाआधी, क्रॉप रिकामा असताना वजन करा आणि आकडा मला इथेच कळवा. परवाही त्याच वेळी करा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला तर उत्तराची वाट बघत बसू नका, परळला निघा.